सोयीची मेथड : मागावी कशी, द्यावी केव्हा

ठरलेले काम ठरलेल्या वेळी संगणकाकडून आपोआप करून घेण्यासाठी वेळापत्रकाची लायब्ररी वापरली जाते. तिच्या मूळ क्षमता थोड्याच असतात : काम कोणते, वार किंवा तारीख कोणती, वेळ कोणती, अंतर किती. या क्षमता जोडून जे आधीच करता येते, तेच एका नावाने आणि एका ओळीत करून देणारी मेथड म्हणजे सोयीची मेथड. तिच्यामुळे लायब्ररीला नवी शक्ती मिळत नाही, वापरणाऱ्याचे लिखाण मात्र कमी होते. लायब्ररीला तिची गरज नसते आणि वापरणाऱ्याला ती हवी असते. म्हणून तिच्या मागणीवर दोन प्रामाणिक बाजू उभ्या राहतात.

उदाहरण वऱ्हाडातलेच घेता येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ग्रामीण कृषी मौसम सेवेचे केंद्र आहे. भारतीय हवामान विभागाच्या अंदाजावर आधारलेला कृषी सल्ला या सेवेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पुढच्या पाच दिवसांत पाऊस कसा राहील, फवारणी करावी की थांबावे, हे त्यातून शेतकऱ्याला कळते. हा सल्ला गावच्या शेतकरी गटाला मोबाइलवर पाठवणारा छोटा प्रोग्राम कोणी लिहायला घेतला, तर त्याचे वेळापत्रक असे असेल : दर मंगळवारी आणि शुक्रवारी, समजा दुपारी ३ वाजता.

पुढील संवादात अमरावतीकर ही असा प्रोग्राम लिहिणारी आहे आणि अकोलेकर हा लायब्ररी सांभाळणारा. या दोन व्यक्ती नसून दोन भूमिका आहेत.

मागणी आणि पहिला नकार

अमरावतीकर : भाऊ, पायथनच्या ‘शेड्यूल’ लायब्ररीत मंगळवारसाठी एक ओळ लिहावी लागते आणि शुक्रवारसाठी दुसरी. काम तेच, वेळ तीच, फक्त वार वेगळा. उद्या तीनचे साडेतीन करायचे ठरले आणि बदल एकाच ओळीत झाला, तर शुक्रवारचा सल्ला जुन्याच वेळी जाईल. तुमच्या लायब्ररीत तरी ‘आठवड्यातून दोनदा’ अशी मेथड द्या. पीएचपीच्या ‘लारावेल’मध्ये ‘ट्वाइस डेली’ ही दिवसातून दोनदा काम करणारी मेथड आहेच. मग आठवड्यातून दोनदा का नको?

अकोलेकर : ताई, ती तुम्ही आजच लिहू शकता. वारांची यादी घ्या आणि यादीतल्या प्रत्येक वारासाठी तीच नोंदणी करा. चार ओळींचं फंक्शन होईल आणि वेळ एकाच जागी राहील. लायब्ररीत घातलं की मात्र ते चार ओळींवर थांबत नाही. त्याच्या चाचण्या लिहाव्या लागतात, डॉक्युमेंटेशन लिहावं लागतं, येणाऱ्या शंकांना उत्तरं द्यावी लागतात. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत ते जसंच्या तसं चालेल, ही हमीही द्यावी लागते.

अमरावतीकर : पण त्या चार ओळी माझ्या एकटीच्या नाहीत ना. प्रत्येक जण आपापल्या चार ओळी लिहितो आणि प्रत्येकाची चूक वेगळी असते. एकाने केलेली चाचणी दुसऱ्याच्या कामी येत नाही. लायब्ररीत एकदा नीट लिहिलं, की सगळ्यांचंच भागतं.

अकोलेकर : आणि एकदा चुकीचं लिहिलं, तर सगळ्यांचंच बिघडतं. जावातल्या ‘डेट’ या वर्गाची वर्ष सांगणारी मेथड पाहा. ती त्या तारखेच्या वर्षातून १९०० वजा करून उत्तर देते. १९९७ मध्येच ‘ही वापरू नका’ असा शिक्का तिच्यावर बसला, तरी ती आजही जावात आहे. कारण काढली तर जुने प्रोग्राम मोडतील. मेथड घालायला एक दुपार पुरते, ती काढायला पंचवीस वर्षंही पुरत नाहीत.

जुना वाद

हा मतभेद वेळापत्रकाच्या लायब्ररीपुरता नाही. २००५ मध्ये सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी दोन परंपरांची तुलना केली होती. एका परंपरेत लायब्ररी कमीत कमी मेथड देते आणि उरलेले वापरणाऱ्यावर सोपवते. दुसरीत वापरणाऱ्याला वारंवार लागणाऱ्या गोष्टी लायब्ररीच हाताशी ठेवते. जावाची यादी पहिल्या परंपरेतली आणि रूबीचा ॲरे दुसरीतला. रूबीत शेवटचा घटक मागायला एक मेथड आहे. जावाच्या यादीत मात्र आधी लांबी विचारायची, तिच्यातून एक वजा करायचा आणि मग त्या क्रमांकाचा घटक मागायचा, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला.

अमरावतीकर : जावाची यादी १९९८ मध्ये आली. पहिला आणि शेवटचा घटक थेट देणाऱ्या मेथड तिला मिळाल्या सप्टेंबर २०२३ मध्ये, जावा २१ सोबत. इतकी वर्षं जगभरच्या प्रोग्रामरांनी तो ‘वजा एक’ हाताने लिहिला आणि कित्येकदा विसरून चुकाही केल्या. संयमाची ही किंमत कोणी मोजली?

अकोलेकर : किंमत मोठी होती, हे मान्य. पण उशिरा आलेली रचना जास्त चांगली निघाली. क्रम असलेल्या सगळ्या संग्रहांना एकच समान रूप मिळालं. यादीला वेगळं नाव आणि रांगेला वेगळं नाव, असं राहिलं नाही. आणि ही भरही निरुपद्रवी ठरली नाही. कोटलिन भाषेत पहिला आणि शेवटचा घटक काढून टाकणाऱ्या त्याच नावाच्या मेथड आधीपासून होत्या. अँड्रॉइड १५ च्या साधनांनी नव्याने बांधलेले काही प्रोग्राम त्याऐवजी जावाच्या नव्या मेथडशी जोडले गेले आणि जुन्या फोनवर बंद पडू लागले. नवं नाव नुसतं जोडणंसुद्धा कुणाचं तरी चालू काम थांबवू शकतं.

ओळी वाचवायच्या की चुका

इथपर्यंत दोन्ही बाजू ओळींच्या हिशोबावर बोलत होत्या. वाचलेल्या ओळी हे सोयीच्या मेथडचे सर्वांत दुबळे समर्थन आहे. मेथड नसल्यामुळे वापरणारा कोणत्या खड्ड्यात पडतो, यावर खरे वजन ठरते.

अमरावतीकर : मग दुसरं उदाहरण घ्या. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. ‘दुसऱ्या शनिवारी सकाळी ९ वाजता’ हे क्रॉनमध्ये लिहून दाखवा.

क्रॉन हा युनिक्समधला वेळापत्रकाचा मूळ प्रोग्राम. तो १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये होता. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला त्याचा अवतार पुढे सर्वदूर पसरला. त्यात पाच रकाने असतात : मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखांच्या दरम्यान येतो. म्हणून तारखेच्या रकान्यात ८ ते १४ आणि वाराच्या रकान्यात शनिवार लिहिला की झाले, असे कोणालाही वाटेल. पण हे दोन्ही रकाने भरले असतील, तर क्रॉन ‘दोन्ही जुळले’ असे पाहत नाही, ‘दोन्हींपैकी एक जुळले’ असे पाहतो. त्यामुळे काम ८ ते १४ या सातही दिवशी चालते आणि उरलेल्या प्रत्येक शनिवारीही चालते. महिन्यात एकदा अपेक्षित असलेले काम दहा किंवा अकरा वेळा होते.

अमरावतीकर : लिहिलेलं वाचताना अगदी बरोबर वाटतं आणि निघतं चुकीचं. ‘एपीशेड्युलर’ या लायब्ररीत ‘दुसरा शनिवार’ असं थेट लिहिता येतं, ‘क्वार्ट्झ’ या लायब्ररीतही त्यासाठी चिन्ह आहे. हे ओळी वाचवण्यासाठी नाही, चूक टाळण्यासाठी आहे.

अकोलेकर : हे मला पटतं. ज्या गोष्टीत सरळ विचार करणारा माणूस हमखास चुकतो, ती लायब्ररीने उचललीच पाहिजे. पण सोयीची मेथड स्वतःही नवा खड्डा खणू शकते, हेही पाहा. एपीशेड्युलरमध्ये क्रॉनची ओळ जशीच्या तशी स्वीकारणारी मेथड आहे. क्रॉनचे सवयीचे आकडे तिथे चिकटवायचे, एवढीच सोय. क्रॉनमध्ये रविवार म्हणजे शून्य, म्हणून मंगळवार २ आणि शुक्रवार ५. एपीशेड्युलरच्या तिसऱ्या मालिकेत मात्र सोमवार शून्य आहे. ‘२, ५’ तिथे दिलं, तर सल्ला बुधवारी आणि शनिवारी जाईल. क्वार्ट्झमध्ये तर रविवार एक. तीन साधनं आणि तीन मोजण्या.

अमरावतीकर : म्हणजे सोय वाईट नव्हती, तिचा करार अपुरा होता. आकड्यांऐवजी वारांची नावं लिहिली असती, तर हा घोळ झालाच नसता.

अकोलेकर : मान्य. म्हणूनच तुमच्या मागणीतला ‘दोनदा’ हा शब्द मला खटकतो. आज दोनदा, उद्या कोणी तीनदा मागेल. हवी आहे ती वारांची यादी घेणारी मेथड, मग वार कितीही असोत. लारावेलमध्ये वारांची यादी घेणारी अशी मेथड आहे आणि प्रत्येक वाराच्या नावाच्या वेगळ्या सोयीच्या मेथडही आहेत. ‘मंगळवारी’ आणि ‘शुक्रवारी’ या दोन मेथड एकापुढे एक जोडल्या, तर दोन्ही वार धरले जातील असं वाटतं. प्रत्यक्षात दुसरी मेथड पहिलीने भरलेला वाराचा रकाना पुसते आणि फक्त शुक्रवार उरतो. सात सोयींपेक्षा एक यादी जास्त सुरक्षित.

मागितलेली मेथड आणि हवी असलेली मेथड यांत अनेकदा असे अंतर असते. मागणारा आपल्या कामाच्या आकाराची गोष्ट मागतो. सांभाळणाऱ्याला त्या आकारामागची सर्वसाधारण गरज शोधावी लागते. दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारल्याशिवाय ती सापडत नाही.

एका ओळीत दडलेले प्रश्न

मेथड जितकी वाचायला सोपी, तितके तिच्या पोटातले निर्णय नजरेआड जातात. वेळापत्रकाच्या बाबतीत असे तीन निर्णय नेहमी येतात : कोणत्या ठिकाणची वेळ, चुकलेल्या कामाचे काय आणि नसलेल्या तारखेचे काय.

अकोलेकर : तुमचा प्रोग्राम अमरावतीतल्या संगणकावर आहे की भाड्याच्या सर्व्हरवर? भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर चालतात आणि आपण तिच्यापुढे साडेपाच तास आहोत. ‘मंगळवारी पहाटे ५ वाजता’ असं तिथे लिहिलं, तर काम आपल्याकडच्या साडेदहाला होईल. खरे पहाटेचे ५ हवे असतील, तर यूटीसीत तो सोमवार असतो, रात्रीचे साडेअकरा. नुसता तासच नाही, वारही बदलतो.

अमरावतीकर : मग मेथडने वेळेसोबत प्रदेशही घ्यावा. लारावेलमध्ये त्यासाठी वेगळी मेथड आहे, पायथनच्या ‘शेड्यूल’मध्येही वेळेसोबत प्रदेश देता येतो. ‘आशिया, कोलकाता’ असं एकदा लिहिलं की प्रश्न मिटला.

अकोलेकर : आपल्यापुरता मिटला. युरोप-अमेरिकेत वसंतात घड्याळ एक तास पुढे जातं, तेव्हा रात्रीचा एक तास नसतोच. शरदात ते मागे येतं, तेव्हा एक तास दोनदा येतो. त्या तासातलं काम एकदाही करायचं नाही, एकदा करायचं की दोनदा? अकोल्यात हा प्रश्न कधी पडत नाही, पण ही लायब्ररी वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाला पडतो. आणि आपल्याकडचा प्रश्न त्याला पडत नाही. मंगळवारी दुपारी तीनला भारनियमनामुळे वीज गेली आणि संगणक बंद राहिला तर?

अमरावतीकर : वीज आल्यावर सल्ला जायलाच हवा. दोन तास उशिरा मिळालेला फवारणीचा सल्ला उपयोगी असतो. शुक्रवारी मिळालेला मंगळवारचा सल्ला मात्र उलट घात करेल.

अकोलेकर : साधा क्रॉन हुकलेलं काम सोडून देतो. एपीशेड्युलरमध्ये किती उशीर चालेल हे सांगता येतं. अनेक पाळ्या हुकल्या तर त्या एकत्र करून एकदाच काम करायचं का, हेही सांगता येतं. ‘शेड्यूल’ सगळं स्मृतीत ठेवते, त्यामुळे प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की मागचं तिला आठवत नाही. तुमची मेथड यांपैकी कोणासारखी वागणार, हे तुमच्या मागणीत लिहिलेलं नव्हतं.

तिसरा निर्णय महिन्याचा. ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असे वेळापत्रक वर्षात फक्त सात महिने चालते. महिनाअखेरचा हिशोब पाठवणाऱ्याला मात्र शेवटचा दिवस हवा असतो, मग तो २८ असो वा ३१. क्रॉनच्या पाच रकान्यांत ‘शेवटचा दिवस’ लिहिण्याची सर्वमान्य सोय नाही. लारावेल, क्वार्ट्झ आणि एपीशेड्युलर ती देतात. ‘शेड्यूल’मध्ये सेकंदापासून आठवड्यापर्यंतची एकके आहेत आणि महिना नाही. सेकंद, तास, दिवस आणि आठवडा ही एकके ठरावीक लांबीची धरता येतात, महिना तसा धरता येत नाही. म्हणून ‘महिन्याने’ या सोप्या शब्दामागे सर्वांत जास्त निर्णय असतात.

गावचे नियम कोणी सांभाळायचे

अमरावतीकर : तर मग ‘बँक उघडी असलेल्या दिवशी’ अशीही मेथड असावी. भारतातल्या किती प्रोग्रामना ती लागेल!

अकोलेकर : इथे मी ठाम नकार देईन. दुसरा आणि चौथा शनिवार ही कालगणनेतली गोष्ट आहे, ती शंभर वर्षांनीही तशीच राहील. त्या दिवशी कोण बंद असतं, हा माणसांनी केलेला नियम आहे. बँकांचा हा नियम १ सप्टेंबर २०१५ पासूनचा. राज्य सरकारच्या कार्यालयांनाही पूर्वी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुटी होती. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि सगळेच शनिवार सुटीचे झाले. ‘सरकारी कामाचा दिवस’ अशी मेथड २०१९ मध्ये दिली असती, तर ती वर्षभरात खोटी पडली असती. बँक कर्मचारी संघटनाही पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी करत आल्या आहेत.

अमरावतीकर : आणि पोळा?

अकोलेकर : पोळा श्रावण अमावास्येला असतो, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. इंग्रजी महिन्यातली त्याची तारीख दरवर्षी बदलते आणि ती पंचांगातूनच घ्यावी लागते. शिवाय स्थानिक सुट्ट्या जिल्हाधिकारी जाहीर करतात, त्या अमरावतीत वेगळ्या आणि अकोल्यात वेगळ्या असू शकतात. हे लायब्ररीच्या गाभ्यात कसं बसवणार? लायब्ररीने एवढंच द्यावं : सुट्टीच्या तारखांची यादी बाहेरून घ्यावी आणि त्या दिवशी काम वगळावं. यादी ज्याची त्याने ठेवावी, किंवा वेगळ्या पॅकेजने. पायथनमध्ये देशोदेशींच्या सुट्ट्यांचं ‘हॉलिडेज’ नावाचं वेगळं पॅकेज आहेच.

अमरावतीकर : वेगळं पॅकेज म्हणजे आणखी एका परक्या माणसावर भिस्त. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या ‘लेफ्ट-पॅड’चं काय झालं? अक्षरांच्या डावीकडे जागा भरणारं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे हजारो प्रोग्राम बांधले जाईनात. पुढे जावास्क्रिप्टनेच ती मेथड २०१७ च्या आवृत्तीत भाषेत घेतली.

अकोलेकर : त्या घटनेतून माझ्या बाजूने शिकण्यासारखं आहे, हे खरं. सगळ्यांना लागणारी, कधी न बदलणारी छोटी गोष्ट गाभ्यातच असावी. तिला गाभ्याबाहेर ठेवण्याचा हट्ट महागात पडतो. पण सुट्ट्यांची यादी दरवर्षी बदलते. तिची दुरुस्ती वर्षभर चालू असते आणि ती जवळून माहिती असणाऱ्या माणसानेच करावी.

मागणी कशी लिहावी

या चर्चेतून चांगल्या मागणीचा सांगाडा तयार होतो. सुरुवात कामापासून व्हावी : काय करायचे आहे आणि आज ते कसे केले जाते, हे खऱ्या उदाहरणासह. त्यानंतर आजच्या पद्धतीत चूक नेमकी कुठे होते, ते दाखवावे. ‘लांब पडते’ एवढे कारण पुरत नाही. मग प्रस्तावित मेथडचा पूर्ण अर्थ लिहावा : ती काय स्वीकारते, प्रदेशाची वेळ कुठून घेते, हुकलेल्या पाळीचे काय करते, रिकामी यादी किंवा तोच वार दोनदा आला तर काय करते. इतर लायब्ररींनी हाच प्रश्न कसा सोडवला, याची तुलना जोडावी. चाचण्यांची उदाहरणे मागणाऱ्यानेच दिली, तर सांभाळणाऱ्याचे निम्मे ओझे उतरते. लायब्ररी सांभाळणारे पुष्कळ लोक हे काम नोकरी सांभाळून, विनामोबदला करतात, याची जाणीव मागणीच्या भाषेत असावी.

सांभाळणाऱ्याकडेही ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये बरेच पर्याय असतात. मागणीचा आकार बदलून सर्वसाधारण मेथड देता येते. डॉक्युमेंटेशनमध्ये चार ओळींचा तयार नमुना ठेवता येतो. बाहेरून नियम जोडता येईल अशी जागा उघडता येते. नकार द्यायचाच असेल, तर कारणासह लिहून ठेवावा, म्हणजे तीच मागणी घेऊन येणाऱ्या पुढच्या माणसाला उत्तर आधीच मिळते. कारणाशिवाय बंद केलेली मागणी पुन्हा येते आणि सोबत कटुता घेऊन येते.

निवाडा

अमरावतीकरांची ‘आठवड्यातून दोनदा’ ही मागणी जशी आली तशी स्वीकारण्याजोगी नाही. वारांची यादी, वेळ आणि प्रदेश घेणारी मेथड मात्र द्यायला हवी. दुसरा शनिवार आणि महिन्याचा शेवटचा दिवस यांच्यासाठीही मेथड द्यायला हवी, कारण तिथे सावध माणूसही चुकतो. बँकेची सुटी, सरकारी कामाचा दिवस आणि पोळा हे गाभ्याबाहेर राहावेत, पण ते जोडायची वाट लायब्ररीने खुली ठेवावी. कालगणनेचा नियम लायब्ररीने सांभाळावा आणि माणसांनी केलेला नियम त्या माणसांच्या जवळ असणाऱ्याने सांभाळावा. मेथड मागताना किंवा नाकारताना पहिला प्रश्न एकच असावा : हिच्यामुळे कोणती चूक होणे थांबेल? त्याचे नेमके उत्तर देता आले, तर मागणी जरूर करावी आणि ती जरूर ऐकावी.